फोनची तोंडी परीक्षा

खोली बघायला मी गेले तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, नोकरी यातलं काहीच विचारलं नाही. मला अंगणातल्या उजेडात उभं केलं, स्वतः चार पावलं मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बोल काहीतरी. आवाज नको काढू. नुसतं बोल."

मी तिथूनच परत फिरणार होते, पण त्याआधी नऊ खोल्या बघून पाय दुखत होते. म्हणून नुसते ओठ हलवत विचारलं, "काका, नळाला पाणी किती वाजता येतं?"

"सकाळी साडेपाच. एक दिवस सोडून," ते म्हणाले. "तोंड साफ आहे तुझं. सामान कधी आणतेस?"

नंतर कळलं की माझ्याआधी एका बँकेतल्या साहेबांना त्यांनी नकार दिला होता, कारण साहेबांच्या मिशा वरच्या ओठावर उतरल्या होत्या. एका विद्यार्थिनीला नाही म्हटलं, कारण ती बोलताना तोंडावर हात धरायची. भाडेकरू निवडायची ही पद्धत त्यांना अगदी रास्त वाटे. स्नेहलतागंजमधल्या त्या दुमजली घरात, त्यांच्या डोक्यावरच्या खोलीत, मी अडीच वर्षं राहिले. मी एका खाजगी कॉलेजात शिकवत होते आणि स्टेशन जवळ असणं मला सोयीचं होतं. ते मला फार आवडायचे असं मी म्हणणार नाही. सवयीचे झाले होते.

ते मिलमधले. इंदूरच्या मिल बंद पडून जमाना झाला, पण ते "मी मिलमध्ये आहे" असंच सांगत. विणाईखात्यात बत्तीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची बरीच वर्षं जॉबर म्हणून, म्हणजे अडलेला माग पुन्हा चालू करून देणारा माणूस. एका छपराखाली शेकडो माग खडखडत असताना आवाज काढून बोलणं म्हणजे तोंडची वाफ दवडणं. त्यामुळे त्या खात्यातली माणसं ओठ मोठे मोठे हलवून आणि हाताच्या खुणा करून, अजिबात आवाज न काढता बोलत. चार ओळी पलीकडच्या माणसाला शिवी हासडायची तरी तशीच. त्या खात्याने त्यांना ओठ वाचायला शिकवलं आणि हळूहळू कान काढून घेतले. याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

उलट त्यांना ती विद्या वाटायची. टीव्ही ते आवाज बंद करून बघत. डब केलेला सिनेमा लागला की, "खोटारडा आहे हा," म्हणून उठून जात. लग्नाला गेले की पंगतीच्या टोकाला बसायचे आणि घरी आल्यावर कढीला कोणी नावं ठेवली आणि वराच्या आत्याने वधूच्या मामीबद्दल काय म्हटलं, ते सगळं मला तोंडपाठ ऐकवायचे. त्यांना लग्नाला बोलावणारे नातेवाईक हळूहळू कमी झाले, याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

कानाला मशीन त्यांनी लावलं ते मास्कच्या दिवसांत. मी तेव्हा तिथे नव्हते, पण ते सांगत, "एका दिवसात सगळं शहर मुकं झालं बेटा. दूधवाला मुका, डॉक्टर मुका. माझा भाऊ दारात येऊन उभा राहिला, तोही मुका." आधी वर्षानुवर्षं सगळ्यांनी सांगूनही त्यांनी मशीनचं नाव काढू दिलं नव्हतं. तोंडं बांधली गेली तेव्हा मुकाट्याने जाऊन दोन्ही कानांमागे मशीन बसवून आले. मास्क निघाले तरी मशीन राहिली. ती ते सकाळी लावत, कुणी कंटाळवाणं बोलायला लागलं की काढून खिशात ठेवत. मीही दोनदा खिशात गेले आहे.

त्यांचा दोस्त मात्र एकच. हा मिलमधलाच, माळव्यातला, त्यांच्या शेजारच्या ओळीवर बत्तीस वर्षं उभा राहिलेला. तो कामावर कानात कापूस कोंबायचा आणि हे त्याला त्यावरून चिडवायचे. कापसाने त्याचे कान वाचले. पुढे तो मुलाकडे बुऱ्हाणपूरला गेला आणि काकांचे गुडघे गेले, त्यामुळे भेटणं थांबलं. त्यावर उपाय म्हणून दर रविवारी माझा फोन अर्धा तास जप्त व्हायचा. रविवारी तिकडे मुलगा घरी असे, त्याच्या फोनवर मी व्हिडिओ लावून द्यायची. मग इकडे हे पायरीवर बसून, तिकडे तो खाटेवर बसून, दोघं अर्धा तास बोलत. आवाज शून्य. ओठ, बोटं, भुवया, मध्येच एखादं मांडीवर थाप मारून हसणं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं की माझा फोन बिघडला.

मग त्या मित्राचे डोळे गेले. साखरेचा आजार जुना होता. आधी एक डोळा अधू झाला, वर्षभरात दोन्ही. पुढच्या रविवारी मी नेहमीसारखा फोन घेऊन खाली गेले, तर काका म्हणाले, "नको."

"का? तुम्हाला तर दिसतील ना ते."

"मला दिसेल. त्याला मी दिसणार नाही. ज्याला दिसत नाही त्याच्याकडे असं टक लावून बघायचं नसतं. चोरी असते ती."

या बाबतीत त्यांच्याशी वाद घालून काही उपयोग नव्हता. रविवार बंद झाले. दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी आपला निर्णय सांगितला. दोस्ताचे कान शाबूत आहेत, आपल्या कानाला मशीन आहे, तेव्हा आता साध्या फोनवर बोलायचं. त्याच्या घरी बटणांचा एक फोन सुनेजवळ असतो, तो चालेल. फक्त आपल्याकडचा फोन मशीनशी जमणारा हवा. त्यांच्या जुन्या फोनचं आणि मशीनचं हाडवैर होतं. फोन जवळ आणला की कानात अशी घरघर सुरू व्हायची की ते तो सोफ्यावर फेकून द्यायचे.

कानाच्या मशीनवाल्या मॅडमनी त्यांना एक युक्ती सांगितली होती. मशीनवर एक बारीक बटण असतं. ते दाबलं की मशीन बाहेरची दुनिया बंद करतं आणि फोनमधून येईल तेवढंच कानात सोडतं. पण त्यासाठी फोनही त्या जातीचा लागतो. खोक्यावर कधी तसं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, बहुधा नसतंच. "लावून बघा, दुसरा उपाय नाही," असं मॅडम म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी या माणसाला सांगायला नको होतं.

त्यानंतर दोन महिने, दर शनिवारी, जेल रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांत फोनच्या परीक्षा चालल्या. परीक्षक मी. कारण विचारलं तर म्हणाले, "बायकांचा बारीक आवाज मला सगळ्यात कमी येतो. त्यात तुझा तर फारच. तू आलीस तर कोणीही येईल." मी चाळीस शब्दांचा पेपर काढायचा. साखर, शेंगदाणे, फोडणी, छत्री, सत्तावीस, चष्मा, असे. मॅडमनी त्यांना सांगून ठेवलं होतं की स, श, फ, छ हीच अक्षरं तुमच्या कानातून गळतात, म्हणून पेपरात तीच जास्त. दर शनिवारी पेपर नवा, कारण जुना त्यांना पाठ व्हायचा आणि पेपर फुटला तर परीक्षा कसली! ते दुकानात काउंटरशी पाठ करून उभे राहत, म्हणजे माझे ओठ चुकूनही दिसायला नकोत. मी समोरच्या फुटपाथवर, कुल्फीच्या गाडीशेजारी. त्यांच्या हातातल्या नव्या फोनवर मी फोन लावायचा आणि शब्द वाचायचे. ते ऐकतील तसे वहीत लिहायचे.

"शेंगदाणे! फोडणी! साखर!" असं मी भर रस्त्यात ओरडत असताना कुल्फीवाल्याने एकदा न राहवून विचारलं, "दीदी, किसको रेसिपी लिखवा रिये हो?"

दुकानातला प्रकार वेगळाच. काका फोन कानाच्या भोकाला न लावता कानाच्या मागे, वर, मशीनला चिकटवून धरत. अगदी बरोबर पद्धत आहे ती, नाहीतर मशीन शिट्टी मारतं, पण लांबून माणूस फोनने डोकं खाजवतोय असं दिसायचं. काउंटरवरच्या माणसाला त्यांचा आजारच समजत नसे.

"अंकल, आवाज फुल है इसका. और कैमरा देखो, चाँद तक दिखेगा."

"भिया, मेरे को चाँद से बात नी करनी. बुरहानपुर बात करनी है."

वहीत गुणांशेजारी एक रकाना भुंग्याचा, म्हणजे कानातल्या घरघरीचा, होता. भुंगा मोठा, भुंगा लहान, भुंगा नाही. कुठल्या फोनच्या घरघरीत कुठला माग ऐकू येतो हेही ते दुकानदाराला सांगत. एका चकचकीत, भल्या मोठ्या फोनला त्यांनी चाळीसपैकी अकरा गुण दिले आणि काउंटरवर ठेवताना त्याच्याकडे असं बघितलं की मला आमच्या कॉलेजातल्या प्राचार्यांची आठवण झाली. शेवटी एका दुकानदाराने हात टेकले. घरी नेऊन दोस्ताशी बोलून बघा, नाही जमलं तर बदलून देतो, असं तो कबूल झाला. ते त्यांनी त्याच्याकडून वहीत लिहून घेतलं.

पहिला पास झालेला फोन छत्तीस गुणांचा. घरी आल्यावर ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले. फोन लावला. तिकडे सून. "हाँ काकाजी, देती हूँ बाबूजी को." तिचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. मग फोन दोस्ताच्या हातात गेला आणि काहीच ऐकू येईना.

"हेलो! हेलो! अरे बोल ना!" ते पाच मिनिटं ओरडत होते. मग फोन ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "सुनेचा येतो. त्याचा येत नाही. चूक आपलीच आहे बेटा, बाईच्या आवाजावर पास केला आपण याला. पुरुषाच्या जाड आवाजात नापास असेल."

हे मला पटलं. आता याचीच लाज वाटते. पुढच्या शनिवारी पेपर वाचायला कुल्फीवाल्याला उभं केलं. त्याने "शेंगदाणे" हा शब्द एखाद्या पुढाऱ्यासारखा म्हटला. त्या दिवशी दुसरा फोन पास झाला, अडतीस गुण, भुंगा नाही. घरी आणला. सून स्वच्छ, दोस्त गायब. तोही परत गेला. मग तिसरा. तिसऱ्यावर तर इस्त्रीवाला, शेजारचे वकील, सगळ्यांचे आवाज घेऊन झाले, चाळीसपैकी चाळीस. बुऱ्हाणपूरला फोन लागला आणि पुन्हा तेच.

त्या वेळी मी फोन माझ्या कानाला लावून बघितला असता तर सगळा उलगडा तिथेच झाला असता. पण दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, असं माझ्या घरचं वळण. ते नडलं.

तिसऱ्या फोननंतर ते दुकानात गेले नाहीत. फोन खोक्यात भरून ठेवला आणि दोन दिवस मशीनही लावली नाहीत. मी पाणी भरायला खाली गेले तेव्हा माझ्या तोंडाकडे न बघताच म्हणाले, "फोन ठीक आहे. कानच मेलाय. बाकी सगळ्यांसाठी जिवंत आहे, त्याच्यापुरता मेलाय."

माझ्याजवळ दोस्ताच्या घरच्या फोनचा नंबर होता आणि त्या सुनेजवळ माझा. ती मला विचारायला लागली, "दीदी, काकाजी ठीक तो हैं? बाबूजी दिन भर पूछते हैं, फोन आया क्या." हा प्रश्न तिने आठवड्यात तीनदा विचारला. मला त्या म्हाताऱ्या माणसाचं, खाटेवर बसून वाट बघण्याचं, वाईट वाटलं. नाहीतर मी या भानगडीत आणखी पडले नसते.

रविवारी मी काकांना म्हटलं, शेवटचं एकदा लावून बघा, मग परत करू. ते नाइलाजाने खोक्यातून फोन काढायला लागले. मी वर खोलीत आले आणि त्यांना न सांगता दोस्ताच्या मुलाच्या फोनवर व्हिडिओ लावला. फोन बाबूजींच्या समोर धरा, एवढंच त्याला सांगितलं.

पडद्यावर खाट दिसली. त्यावर काळा चष्मा लावलेला म्हातारा, एका हाताने बटणांचा फोन कानाशी धरलेला. खाली आमच्या अंगणात काकांचा आवाज चढला, "हेलो! सुन रिया है क्या?" आणि तिकडे म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. तो बोलायला लागला. ओठ मोठे मोठे हलत होते, मोकळा हात हवेत खुणा करत होता, मध्येच तो हसलाही. आवाज मात्र टाचणीएवढाही नव्हता.

"ये तो काकाजी की आवाज़ सुनते ही ऐसे करने लगते हैं," मागून सून म्हणाली. "हमसे तो चिल्ला के बोलते हैं. मेरे को लगा इन दोनों का ऐसा ही चलता होगा."

बत्तीस वर्षं आणि वर कितीतरी रविवार या माणसाशी बोलायचं म्हणजे आवाज न काढता बोलायचं, हे त्या म्हाताऱ्याच्या तोंडात इतकं मुरलं होतं की डोळे गेले, मध्ये फोन आला, तरी काकांची हाक ऐकली की त्याचं तोंड मिलमध्ये जाऊन उभं राहायचं. आपण बोलतोय अशीच त्याची समजूत होती. इकडून "ऐकू येत नाही" म्हटलं की त्याला वाटे, बिचारा बहिरा, त्याला कुठलं ऐकू येणार.

मी धावत खाली गेले आणि माझा फोन काकांच्या समोर धरला. त्यांनी मान वळवली. "बंद कर ते. त्याला दिसत नाही, मी सांगितलं ना तुला."

"काका, एकदा बघा. माझ्यासाठी नको, ते काय म्हणतायत त्याच्यासाठी बघा."

त्यांनी बघितलं. कानामागे नवा फोन तसाच धरलेला. पहिल्यांदा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग त्यांचे स्वतःचे ओठही त्या ओठांबरोबर हलायला लागले.

"काय म्हणतायत?"

"विचारून राहिलाय, मी गुडघ्याला काय लावतो." ते पडद्याकडे आणखी वाकले. "आणि म्हणतोय, तुला काही ऐकू येत नाही तरी मी दर वेळी सगळं सांगतो."

मग ते फोनमध्ये ओरडले, "अबे आवाज तो निकाल! मैं सामने नी खड़ा हूँ, फोन पे हूँ!"

पडद्यावरचा हात हवेतच थांबला. तोंड मिटलं. मग त्या म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि बारीक, जरा किनऱ्या आवाजात म्हटलं, "अरे हाँ यार."

काकांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. पुन्हा मशीनला लावला.

"येतोय?" मी ओठांनी विचारलं.

"येतोय," ते म्हणाले. "असा असतो होय त्याचा! मी विसरलो होतो." आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. माझा फोन बंद करून मी वर निघून आले.

तिसरा फोन राहिला. रोज संध्याकाळी सून स्वयंपाकाला लागायच्या आधी ते फोन लावत. ती सासऱ्यांच्या शेजारी बसे आणि त्यांचा आवाज गेला की खांद्यावर टिचकी मारे, मग तो परत येई. व्हिडिओला काकांनी पुन्हा हात लावू दिला नाही. ते एकदाच, निकडीपायी, असं त्यांनी मला बजावून सांगितलं.

पुढे माझी नोकरी बदलली आणि मी ते घर सोडलं. निघायच्या दिवशी संध्याकाळी किल्ली द्यायला खाली गेले तर ते पायरीवर बसले होते. कानामागे फोन, डोळे मिटलेले, तोंडातून शब्द नाही. मी पाच-सात मिनिटं उभी राहिले. रिक्षा खोळंबली होती. शेवटी मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि समोर बसून, ओठ नीट दिसतील असं विचारलं, "काका, फोन कट झालाय का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "सून बाजारात गेलीय. त्याला सांगायला कोणी नाही. बोलून राहिलाय तो."

"पण आवाज नाही ना येत?"

"आवाज नाही. ओठ येतात. उघडतात, मिटतात, तेवढं येतं याच्यात."

"मग काय म्हणतायत ते?"

"ते कुठे समजतं," ते म्हणाले आणि हाताने मला गप्प राहायची खूण केली. "पण मलाच म्हणतोय. दुसऱ्या कोणाशी तो असा बोलत नाही."